दरड तिकडं आहे

माझा धाकटा भाऊ ग्रेशम वाटाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला आणि तेव्हापासून डोंगर चढायचं विसरला. कुणा पाहुण्याने टाकून दिलेलं जाकीट, त्याची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, अशा थाटात तो माझ्या चुलीपाशी बसतो आणि न्सिमाला मीठ कमी पडलंय म्हणतो. मक्याच्या पिठाच्या न्सिमात मीठ घालतच नाहीत, हे त्याला आमच्या आईनेही सांगून पाहिलं होतं.

चक्रीवादळ आमच्या मुलांजे डोंगरावरून गेलं आणि लिचेन्याच्या पठाराकडे जाणारी वाट उखडली. शहरातल्या कार्यालयाचा निरोप आला: अध्यक्षांनी वर जाऊन वाट पाहावी, पायथ्याच्या फलकावर तिची अवस्था लिहावी, मग साहेब तपासायला येतील आणि दुरुस्तीला माणसं, लाकूड पाठवतील. वाट सुधारली नाही तर पाहुणे येत नाहीत, आणि पाहुणे आले नाहीत तर त्यांचं सामान वाहणारी आमच्या गावची माणसं घरी बसतात.

ग्रेशम निघाला. पहिल्या ओढ्यापर्यंत गेला आणि आंब्याखाली बसला. वरून गावातली एडिना मोळी घेऊन उतरत होती.

"काकू, दरड कुठं कोसळलीय?"

एडिनाने हनुवटी उचलली. "तिकडंऽऽऽऽ," ती म्हणाली, आणि शेवट इतका बारीक, इतका उंच काढला की आंब्यावरचे कावळे उडाले.

आमच्याकडे जवळचं असेल ते नुसतं 'तिकडं'. जितकं लांब, तितका शब्द ताणायचा आणि आवाज चढवायचा. एडिनाचा आवाज जिथे पोचला, तिथे जायला दुपार झाली असती. पण ग्रेशम आल्या पावली परतला आणि फलकावर लिहिलं: 'वाट चांगली. दरड तिकडं.'

"एवढंच?" मी विचारलं.

"अक्का, फलकावर ओरडता येत नाही."

म्सिस्का साहेब आले ते कडक इस्त्रीच्या विजारीत, पांढऱ्या बुटांत. फलक वाचून म्हणाले, "तिकडं म्हणजे हे इथंच की. चला." बरोबर ग्रेशम आणि डबा घेऊन आमच्या गावचा हमाल डायसन. पुढचं सगळं डायसनने मला सांगितलं, आणि तो खोटं बोलण्याइतका हुशार नाही.

पहिल्याच वळणावर मातीचा एक ढीग पडला होता. माझी बकरी रोज त्यावर चढून रवंथ करते.

"हीच का दरड?" साहेबांनी विचारलं.

ग्रेशमने दरड पाहिली कुठे होती? "हीच, साहेब."

"एवढ्यासाठी गावभर रडारड?"

साहेब ढिगावर चढले, कमरेवर हात ठेवून फोटो काढून घेतला. नेमकी तिथेच फोनला रेंज मिळते. फोटो कार्यालयात गेला, सोबत निरोपही: दरड स्वतः ओलांडली, वाट खुली, दुरुस्तीची गरज नाही.

धोका मागे पडला म्हटल्यावर साहेब पुढे आणि वाटाड्या मागे, अशी स्वारी निघाली. दुपारी साहेब मान मागे वळवून विचारत होते, "अजून किती?" तेवढ्यात वाट संपली. साहेब मात्र चालतच राहिले. लाल चिखलातून बसल्या बसल्या घसरत ते एका उन्मळलेल्या झाडाला अडकले. एक बूट तिथे न थांबता पुढे गेला.

संध्याकाळी माझं चितेंजे कमरेला गुंडाळून साहेब चुलीपाशी बसले होते. मी त्यांना न्सिमा आणि घेवडा वाढला.

"साहेब, आता फोन करा. वाट तुटलीय म्हणावं, माणसं पाठवा."

"आई, वाट खुली असल्याचं सकाळीच कळवलंय. फोटोसकट. वरून शाबासकीही आली."

"मग चूक झाली म्हणा."

साहेबांनी घास सावकाश गिळला. "चूक म्हटली की चौकशी लागते. आणि खुल्या वाटेला दुरुस्ती मंजूर होत नाही. पुढच्या वादळात बघू."

एका बुटावर लंगडत ते गाडीत चढले. ग्रेशमने हात हलवून निरोप दिला आणि पुन्हा चुलीपाशी येऊन पाय पसरले.

"काही म्हण अक्का, माझ्या कारकिर्दीत वाट खुली झाली."

मी कोपऱ्यातली कुदळ आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"तुला वाट पाहायला धाडलं होतं, ग्रेशम. तू तिची वाट लावून आलास. ऊठ, आता सरकार येणार नाही, तूच दरड उपस."