येसाजी साळिंदराचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, येसाजी नावाचा एक साळिंदर राहत होता. त्याला काळजी करायची सवय होती. पाऊस पडेल याची काळजी, पडणार नाही याची काळजी, आणि काळजीचं काहीच नसलं तर आपण काही विसरलो की काय, याची काळजी.

काळजी वाटली की त्याचे काटे ताठ उभे राहत. मग त्याची लेक बकुळी बिळाच्या पार दुसऱ्या टोकाला झोपायची. तिला खरं तर बाबांच्या कुशीत झोपायचं होतं. पण टोचतं म्हणजे टोचतंच.

शेवटी त्याची बायको यमुना त्याला कासववैद्यांकडे घेऊन गेली.

वैद्य म्हणाले, "रोज नदीकाठी बसायचं आणि मातीचे प्राणी करायचे."

"पण वैद्यबुवा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"उत्तम! कळत असतं तर दुसरं औषध शोधावं लागलं असतं."

येसाजीनं हत्ती केला. तो बटाट्यासारखा झाला. मग ससा केला. तोही बटाट्यासारखाच झाला, फक्त लहान. येसाजी स्वतःशीच खुदकन हसला. आणि काय सांगू, त्याचे काटे एकेक करून खाली बसले! त्या दुपारी बकुळी बाबांच्या कुशीत चक्क घोरत पडली. यमुनेला रडूच आलं.

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण त्या जंगलात एक कलाविकास मंडळ होतं.

मंडळाचे अध्यक्ष मोर नदीवर पाणी प्यायला आले. "वा! प्रयत्न छान आहे," ते म्हणाले. बाळांनो, हे वाक्य कानावर पडलं की पळ काढावा. येसाजी बसून राहिला.

"सोंडेवर जरा मेहनत घ्या," मोर म्हणाले. "वर्ग लावा. स्पर्धेत उतरा."

येसाजीनं वर्ग लावला. सोंड जमू लागली. मग ती बिघडेल अशी भीतीही वाटू लागली. एक काटा उभा राहिला. मग दुसरा.

स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मोर शाल-नारळ घेऊन पुढं आले. एवढ्या जणांसमोर सत्कार म्हटल्यावर येसाजीचे सगळे काटे सर्रकन उभे राहिले. शालीची चाळण झाली. नारळ काट्यांत अडकून बसला.

सभा माना उंचावून बघू लागली. मग मोर ओरडले, "अहो, हीच तर खरी कला! पहिलं बक्षीस!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. येसाजीला शाल-नारळासकट वडाखाली कायमचं उभं करण्यात आलं. काटे बसू नयेत म्हणून मंडळानं एक माकड नेमलं. ते अधूनमधून त्याच्या कानात विचारतं, "पुढच्या वर्षी काय नवीन?"

यमुना मोरांकडे गेली. "अहो अध्यक्ष, ह्यांना घरी सोडा. पोरगी झोपत नाही."

"वहिनी, आता ते तुमच्या एकटीचे राहिले नाहीत. ते जंगलाचे झालेत!"

बकुळी रोज वडाखाली येते. सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहते आणि बाबांना लांबून बघते. कलाकृतीला हात लावायला मनाई आहे.

तात्पर्य: कुणी खुशीत वेडंवाकडं काही करत बसलेलं दिसलं, तर त्याला उत्तेजन देऊ नये. तो सुधारण्याची भीती असते.