वद्य षष्ठीची मरळ

या, असे जवळ सरका. सतरंजी मोठी आहे आणि माझा आवाज लहान. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं, डुलक्या तिथेच लागतात! एक गोष्ट सांगतो. तिच्यात चंद्र आहे, नदी आहे, भगवंत आहे आणि भरपूर मसाला आहे.

मी नरहर. तहसील कचेरीतून निवृत्त झालो, बोरगाव मेघेत राहतो. गळ्यात तुळशीची माळ आहे आणि कीर्तनाचं वेड आहे. तीन गावांपलीकडचा टाळ मला ऐकू येतो. कुकरची शिट्टी मात्र ऐकू येत नाही, असं आमच्या सौभाग्यवती यशोदाबाईंचं म्हणणं आहे. मासा मी खात नाही, शिवत नाही, गळाला हातही लावत नाही. पण मासा केव्हा धरावा, हे माझ्याइतकं अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कुणाला कळत नाही! तिथी पाहावी, आभाळ पाहावं, ऋतू पाहावा आणि दिवस सांगावा. बाकी मासा आणि त्याचं नशीब.

ही विद्या मी उगाच बाहेर काढली नव्हती. माझ्या सासूबाई, देवळीच्या आनंदाबाई, पौषात टायफॉईडने पडल्या. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. पेजेच्या वाटीकडे त्या अशा पाहत, जणू वाटीने त्यांचं शेत बळकावलं आहे! डॉक्टर म्हणाले, "पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. आता पथ्य पुरे. मन होईल ते द्या."

आम्ही सगळे खाटेभोवती जमलो. माझा मेहुणा रूपराव खाली वाकून म्हणाला, "आई, काय खावं वाटते तुले?"

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "मरळ आना. जयाच्या हातचा रस्सा पाह्यजे. झणझणीत."

जया म्हणजे रूपरावची बायको. तिने पदर खोचला. रूपराव चप्पल शोधू लागला. "आत्ता बाजारातून आनतो!"

इथे मी तोंड उघडलं. न उघडतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"बाजारातली? बर्फात झोपलेली? आजारी माणसाला?" मी म्हणालो. "नदीची पाहिजे, जिवंत! आणि नदीची पाहिजे असेल तर आधी चंद्राला विचारावं लागतं. दिवस मी सांगतो!"

देवळीच्या त्या घरात जावयाचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. सासूबाई डोळा मिटून म्हणाल्या, "जावईबापू म्हनतात तसं करा." झालं! रूपरावची चप्पल पुन्हा खाटेखाली गेली.

मी पहिला दिवस काढला माघी पौर्णिमेचा. चंद्र समुद्राला ओढतो, तर नदीतल्या माशाला का नाही ओढणार? असा माझा सरळ हिशेब. रूपराव नदीच्या डोहाशी गळ टाकून बसला, मी त्याच्यामागे छत्री घेऊन. दिवसभरात एक खेकडा आला, तोही रूपरावचं बोट धरूनच वर आला.

"भाऊजी," बोट चोखत रूपराव म्हणाला, "चंद्रानं मासे वर ओढले म्हन्ता. मंग गेले कुठी? आभाळात?"

मी घरी येऊन विचार केला. चूक सापडली! चांदण्यात मासा रात्रभर दिवाळी करतो आणि दिवसा ढेकर देत पडून राहतो. म्हणजे काळोखी रात्र पाहिजे. शिवाय आभाळ भरलेलं पाहिजे, ढगाखाली मासा धीट होतो. फाल्गुन वद्यातला असा एक दिवस मी मोबाईलच्या हवामानात हेरला. 'अंशतः ढगाळ' लिहिलं होतं. अंश तेवढा मोबाईलने मोजला नाही. दुपारी गारपीट झाली! आधी बोराएवढ्या गारा, मग लिंबाएवढ्या. रूपरावने डोक्यावर घमेलं घेतलं, त्यावर गारा अशा वाजत होत्या, जणू एखाद्या देवळात आरती चालली आहे. माझ्या छत्रीची चाळणी झाली.

"मासे धीट झाले असतीन," रूपराव घमेल्याखालून म्हणाला, "पन मी नाई झालो, भाऊजी. चला घरी."

तिकडे सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जाऊ-येऊ लागल्या होत्या. यशोदा माहेरून फोन करायची आणि आईने आज किती घास परत केले ते मोजून सांगायची. मलाही रात्री पंचांग उघडं टाकून झोप येईना.

तिसऱ्या वेळी मात्र मी अचूक दिवस काढला. अमावस्या संपते, रात्र काळी कुळकुळीत, मासा उपाशी, हवा कोरडी, नदी आटत आलेली. मी जयाला फोन लावला. "वहिनी, वाटणाची तयारी ठेवा! अमावस्येनंतरची प्रतिपदा! वर्षात असा दुसरा दिवस नाही!"

पलीकडे भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलेलं ऐकू आलं.

"खरं हाय, भाऊजी," जया म्हणाली. "वर्षात दुसरा नाई. त्या दिवशी गुढीपाडवा हाय. गुढीले काय बांधू, मरळ?"

मी फोन ठेवला. कीर्तनात इतकी वर्षं बसलेला माणूस, आणि चैत्र शुद्ध प्रतिपदेला मासा सांगून बसलो! यशोदा दोन दिवस हसत होती. तिसऱ्या दिवशी रडली, कारण आईने पेजही परत पाठवली होती.

पाडव्यापासून रामाचं नवरात्र. मग एकादशी. मग हनुमान जयंती. सोमवार महादेवाचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा. मासा मिळायला एक चंद्र लागतो आणि खायला दुसरा, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही! रूपराव अंगणात येऊन कुजबुजला, "भाऊजी, तुमचा चंद्र राहू द्या. मी उद्या गुपचूप गळ टाकून येतो."

आतून बारीक पण स्पष्ट आवाज आला, "रूपराव! जावईबापूचा शबूद मोडू नको!"

शेवटी सगळ्या देवांनी एक बुधवार रिकामा सोडला. चैत्र वद्य षष्ठी. चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणारा, म्हणजे मासा अर्धपोटी. पहाटे आम्ही डोहावर. वारा नाही, पाण्यावर आरशासारखी शांतता, डोक्यावर अर्धा चंद्र. उन्हं वर यायच्या आत रूपरावचा गळ असा खाली गेला की तोही अर्धा पाण्यात गेला! बाहेर आला तो हातभर लांब, काळीशार, जिवंत मरळ घेऊनच.

"भाऊजी!" रूपराव ओरडला. "भाऊजी, जमलं तुमचं!"

मी फक्त वर चंद्राकडे पाहिलं, साहेब शिपायाकडे पाहतो तसं.

मरळ पाण्याबाहेरही श्वास घेते, थोड्या पाण्यात तासन् तास जगते. म्हणून रूपरावने ती दुधाच्या स्टीलच्या कॅनमध्ये पाण्यात सोडली, वर झाकण सैल ठेवलं. जयाला फोन केला. "वाटण घे वाटायले! आलोच!" मोटारसायकलवर तो पुढे, मी मागे, मध्ये कॅन. देवळी जवळ येत होती. आणि वाटेतल्या एका गावात मारुतीच्या देवळापुढे मांडव दिसला. मृदंग लागत होता. भोंग्यावर कुणी सांगत होतं, "आजपासून दहा दिवस धनंजयबुवांचं दशावतार कीर्तन, एका दिवशी एक अवतार…"

"थांब," मी म्हणालो.

"नाई, भाऊजी! आई वाट पाहून राह्यली!"

"फक्त नमन ऐकतो रे. अभंग लागला की उठतो."

रूपराव मला ओळखून होता. जावयासमोर शोभेल इतपतच त्याने कपाळावर हात मारला. "मी चाकात हवा भरून येतो. आल्याबरोबर निघाचं!" तो गेला. मी कॅन मांडवाबाहेर कडुनिंबाखाली ठेवली. देवळात मासा नेण्याइतका मी अधर्मी नाही. मी आत जाऊन टेकलो.

धनंजयबुवांचा गळा म्हणजे खडीसाखर! नमन झालं. अभंग लागला. मी उठलो नाही. आख्यान लागलं तरी उठलो नाही. दहा अवतारांतला पहिला कोणता हे लहान लेकराला ठाऊक असतं. मला सकाळपासून फक्त तिथी ठाऊक होती.

"मनू राजा नदीवर अर्घ्य देतो आहे," बुवा म्हणाले, "आणि त्याच्या ओंजळीत काय आलं?"

मी मागे वळून कडुनिंबाकडे पाहिलं. कॅन जागेवर नव्हती!

ती मीराबाईंच्या हातात होती. मीराबाई म्हणजे तिथल्या महिला मंडळाच्या प्रमुख. देवळात प्रसादाच्या खिरीसाठी घरोघरचं दूध येत होतं. "दूध बाहीर गर्मीत कोनं ठेवलं वं?" त्या बायकांना दटावत आल्या. "फाटन ना!" आणि त्यांनी ती कॅन उचलून बुवांच्या पायाशी, सावलीत, बाकीच्या कॅनांच्या ओळीत नेऊन ठेवली.

आता मी काय करावं? उठून सांगू, "माउली, त्यात मासा आहे?" गळ्यात माळ घालून? मी माळेचे मणी ओढत बसलो. तेवढ्यात खिशात फोन वाजला. जया! "भाऊजी, वाटण झालं, रस्सा उकळून राह्यला! आई उठून बसल्या! कुठी हाय मरळ?"

"आहे," मी हळूच म्हणालो. "कीर्तनात आहे."

बुवा रंगात आले होते. "तो मासा म्हणाला, राजा, मला वाचव! कमंडलूत ठेवला, कमंडलू पुरेना. माठात ठेवला, माठ पुरेना. आणि मग भगवंत…"

धाडकन झाकण उडालं! मरळ कॅनमधून कमानीसारखी वर आली आणि पेटीवाल्याच्या मांडीत पडली. पेटीतून असा सूर निघाला, जो कुठल्याही रागात बसत नाही. मीराबाईंनी किंकाळी फोडली, "प्रगटले वं बाई, प्रगटले!"

त्यानंतर काय झालं ते सांगायला मी एकटा पुरा पडत नाही. कुणी शंख फुंकला. कुणी भोंग्यावरून गावाला बोलावलं. मरळ पुन्हा कॅनमध्ये गेली, कॅनला हळदकुंकू लागलं, पाण्यात तुळस पडली. "मघाशी वीतभर होते," एक म्हातारे शपथेवर सांगत होते, "पाह्यता पाह्यता हातभर झाले!"

नेमका तेव्हाच रूपराव आला. "माही कॅन कुठी गेली?"

साऱ्या मांडवाने वळून पाहिलं. मीराबाईंनी त्याचे पाय धरले. "दादा, तुमच्या घरचे का हे? तुमच्याकडे प्रगटले?"

"प्रगटले काऊन? गळाले लागले!" रूपराव म्हणाला. "घरी नेऊन राह्यलो. आईसाठी रस्सा…"

मला असा खोकला आला की पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. बुवा समजूतदार होते. त्यांनी रूपरावकडे पाहिलं, माझ्या माळेकडे पाहिलं, आणि हात जोडून म्हणाले, "गळाला लागले म्हणजे भक्ताच्याच हाती लागले. आता ज्याने आणले, त्याच्याच हाताने जळात सोडावे."

टाळ-मृदंगासह मिरवणूक गावतळ्यावर गेली. पुढे कॅन, मागे रूपराव. त्याच्या कपाळावर गुलाल, गळ्यात हार, आणि चेहऱ्यावर जे होतं त्याला मराठीत शब्द नाही. काठावर तो वाकला. मरळीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, शेपटी मारली आणि गेली. गावाने त्याला शाल आणि नारळ दिला.

देवळीपर्यंत त्याने वाटेतला एकही खड्डा चुकवला नाही.

अंगणात पाय ठेवला आणि मसाल्याच्या वासाने मला ठसका लागला. सासूबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या, पुढ्यात ताट. यशोदा आणि जया दारात. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. मी हात जोडले. "आई, क्षमा करा. चंद्र बरोबर होता, दिवस बरोबर होता, मासाही मिळाला होता. पण मनू राजा…"

"कीर्तन मंग सांगजा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "जया, वाढ वं. थंडा होऊन राह्यला."

"काय वाढू, आई?" जया रडवेली झाली. "मासाच नाई!"

"रस्सा हाय ना?"

जयाने लालभडक रस्सा वाढला. सासूबाईंनी ज्वारीची भाकर कुस्करली, रश्श्यात बुडवली, पहिला घास घेतला. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी! दुसरा घास. तिसरा. अख्खी भाकर संपली. त्यांनी दुसरी मागितली. यशोदा तोंडाला पदर लावून रडत होती आणि हसतही होती.

"पण आई, मरळ?" मी विचारलं.

सासूबाईंनी तोंड उघडून दाखवलं. आत एक दात होता, तोही बाजूला सरकून बसलेला. "काटे कोन काढत बसन, बापू? मले हे तिखट पाह्यजे होतं! तुम्ही सारे मिळून फिक्की पेज पाजून राह्यले होते. साधं तिखट मागतलं असतं तं डॉक्टरनं सांगूनही तुम्ही म्हटलं असतं, पथ्य हाय. मासा म्हटला म्हनून वाटण वाटलं ना!"

"मग माघापासून सांगितलं का नाही?"

"तुम्ही चंद्र पाहून राह्यले होते," त्या बोटं चाटत म्हणाल्या. "म्या म्हटलं, जावयाच्या आनंदात काऊन आडवं यावं?"

तेव्हापासून मी दिवस सांगणं बंद केलं आहे. कुणी विचारलं तर सांगतो, नाही असं नाही! सासूबाई आता बऱ्या आहेत, भाकरी मोजून खात नाहीत. त्यांची काळजी करू नका.

एवढंच मागणं आहे: रूपरावची आठवण ठेवा. माझ्या पौर्णिमा विसरा, माझ्या अमावस्या विसरा. पण ताटात झणझणीत रस्सा आला, तुकडा बुडवला, की त्या भल्या माणसाला एकदा आठवा. त्या दुपारी रस्सा सगळा त्याच्या आईने संपवला आणि तो भातासोबत नारळ खाऊन झोपला.