वाळूजचे चेअरमन

अमेरिकेत शेअर पडला, की दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूजमध्ये आमचे उत्तमअण्णा सीलबंद खोकी फोडतात.

आमच्या वर्कशॉपात बोटाच्या पेराएवढी पोलादी बुश, म्हणजे नळीसारखी पोकळ कडी, बनते. ती आधी पुण्याला जाते, मग समुद्रापार, आणि एका अवाढव्य अमेरिकन कंपनीच्या कुठल्याशा विमान-इंजिनात जाऊन बसते. मी ती मशीनवर घडवतो, अण्णा मोजतात. शेवटचा शिक्का त्यांचा. आणि त्यांची ठाम समजूत अशी, की त्या कंपनीचा भाव उतरला म्हणजे आपल्याकडून एखादी वाईट बुश गेली.

"बाजाराला दिसतं बाबा. आपल्या डोळ्याला नाय दिसलं ते."

एकदा अशा फोडलेल्या खोक्यात खरंच एक वाईट बुश निघाली, आणि त्याच संध्याकाळी तिकडं भाव चढला. तेव्हापासून त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नाही. सगळे त्यांना चेअरमन म्हणतात. गारखेड्यात आमची बस थांबते तिथले चहावाले चाचासुद्धा ओरडतात, "क्या चेअरमन साब, आज चढे क्या उतरे?"

अण्णांच्या नावावर त्या कंपनीचा एकही शेअर नाही. मी विचारलं होतं, घेत का नाही. म्हणाले, "घेतला तर भाव बघताना हात थरथरंल. मोजणाऱ्याचा हात थरथरला, की संपलं."

तिमाही निकालाच्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून येतात. एकदा नफा वाढला तरी शेअर पडला, कारण लोकांनी त्याहून जास्त धरला होता. दुसऱ्या दिवशी अण्णा दिवसभर जेवले नाहीत. "पास झालेल्या पोराला मारतेत व्हय कुणी?"

आता माझं सांगतो. मी साकोलीच्या पुढचा, भंडारा जिल्ह्यातला. नववीत शाळा सोडली आणि कंत्राटावर इथं आलो. भरतीचा फॉर्म अण्णांनीच भरून दिला. मायक्रोमीटर वाचायला त्यांनी शिकवलं. मला कावीळ झाली तेव्हा तीन आठवडे त्यांच्या खोलीवरची पातळ खिचडी खाल्ली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण खरं सांगायचं, तर मी त्यांच्यावर जळायचो.

त्याची कारणं दोन. चांगली बुश हातात आली की अण्णा ती उजेडात धरतात आणि लाडानं म्हणतात, "मापात हाय." हे दोन शब्द मला हवे होते. तीन वर्षं मी त्यांची वाट बघितली. माझी बुश असली की अण्णा नुसता शिक्का मारायचे. आणि बाद झाली, की सगळ्या शॉपला ऐकू जाईल असं, "भंडारा! हे काय केलं?"

दुसरं कारण त्यांचा फोन. अमेरिकेतला बाजार आपल्याकडं संध्याकाळी सातला उघडतो, थंडीत आठला. "थंडीत उशिरा उठतेत लेकाचे," असं अण्णा चिडून म्हणतात. त्या वेळी ते चाचांच्या टपरीमागं जातात आणि कुणालातरी फोन लावतात. रोज. मला आकडा सांगायचा तर खडा मारल्यासारखा, "खाली." तिकडं मात्र आवाज लोण्यासारखा: "नाय नाय, घाबरायचं नाय. असं होतंच असतं. उद्या चढंल की."

शॉपात चर्चा होती, चेअरमनचं कुणीतरी आहे. मला ते पटायचं. लग्न त्यांनी केलेलं नाही, का ते दरवेळी वेगळं सांगतात. करमाडला भाऊ-पुतणे आहेत, पण अण्णा रोज भाव टाकतात म्हणून त्यांनी घरच्या ग्रुपमधून त्यांना काढून टाकलं. तरीही या माणसाला रोज ऐकणारं कुणीतरी होतं. आणि मी? रविवारी आईला फोन. जेवलास का? जेवलो. पैसे पोचले? पोचले. दोन मिनिटांत संपायचं. मी काय बनवतो हे घरी कुणाला धड माहीत नव्हतं. अण्णांकडं सांगायला माणूस आहे म्हणून मी अण्णांवर जळायचो, आणि त्या माणसावर जळायचो कारण त्याला ते नीट सांगतात.

मग एका मंगळवारी निकाल लागला आणि शेअर आपटला. इंजिनांचं उत्पादन कमी करणार, अशी बातमी बाजार उघडायच्या आधीच आली होती. आमच्या सुपरवायझरनी दुपारीच सांगून टाकलं, ऑर्डर कमी होणार, कंत्राटी पोरांचं पुढच्या महिन्यात बघू. म्हणजे माझं. संध्याकाळी बसमधून उतरून मी चाचांकडं चहा घेतला.

टपरीमागं अण्णांचा फोन सुरू होता. त्यांच्या मोबाइलवर लाल रेघ खाली गेलेली मी पाच मिनिटांपूर्वीच बघितली होती.

"वर हाय," अण्णा म्हणत होते. "थोडं का व्हईना, वर हाय. निवांत झोपा."

मी चहाचा ग्लास घेऊन तसाच उभा राहिलो. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक पडला तरी माझी बुश बाद करणारा हा माणूस धडधडीत खोटं बोलत होता! कोण असेल ही बाई? त्या आठवड्यात नोकरीची जी काळजी करायची, त्यातली अर्धी मी त्या बाईचीच केली.

रविवारी आईला फोन लावला. जेवलो, पोचले, झालं. मी ठेवणार, तोच ती म्हणाली, "काहून रे बाबू, मंगळवारी तुही कंपनी वर गेली ना? मी आंगनात समद्याईले सांगतलं."

"कोण म्हणालं?"

"उत्तमभाऊ. रोज सात वाजता फोन असते त्याहीचा. थंडीत आठले."

मला कावीळ झाली तेव्हा फॉर्मवरच्या नंबरावर त्यांनी घरी कळवलं होतं. तेव्हापासून हे सुरू होतं. आई स्पीकर लावते, बाबा ऐकतात, शेजारचे ऐकतात.

"मले वाटलं तुले माहीत आहे. ते कंपनी सांगतेत. मंग मी इचारतो, जेवले का? त्याहीले कोनी इचारतच नाही म्हणे."

त्या रात्री मी आणखीच जळालो. माझी आई, आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते चेअरमनशी!

सोमवारी सुपरवायझरनी मला बोलावलं. ओव्हरटाइम बंद, पण काम राहील, म्हणाले. दोन पोरांना मात्र कमी केलं होतं. मी खाली मान घालून मशीनवर परत आलो. अण्णा फोडलेली खोकी परत भरत होते.

संध्याकाळी सात वाजता, रविवार नसताना, मी आईला फोन लावला. काम राहिलं हे सांगायचं होतं. लागला नाही. ती दुसऱ्या कॉलवर होती.

टपरीमागं अण्णा पाठमोरे उभे होते.

"व्हय वहिनी, जेवणारच हाय आता. कंपनी? कंपनी आज जराशी खाली हाय." मग थोडं थांबून, आवाज उतरवून म्हणाले, "पोराची काळजी नका करू. पोरगं मापात हाय."