वीस मिनिटांचा मंजूर निषेध

स्वातंत्र्य ही नाजूक वस्तू असल्यामुळे ती जनतेच्या हाती न देता कपाटात ठेवलेली बरी. आमच्या सरकारने तर त्या कपाटाला काच बसवली आहे. कोणीही यावे, (रांगेने) पाहावे आणि घरी जावे.

तरी कुरकुरणारे असतातच. आमच्या गल्लीतल्या शिंपीणकाकूंचेच घ्या. त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रिते तपासायचे. एका सरकारी पत्रकात 'सर्व नागरिक समाधानी आहेत' या वाक्यापुढे त्यांनी सवयीने प्रश्नचिन्ह घातले. दुसऱ्या दिवशी दोन सभ्य गृहस्थ त्यांना 'चर्चेसाठी' घेऊन गेले. (चपला घालू दिल्या.) चर्चेला आता सात महिने झाले. विषय खोल असणार.

काकू निषेध-सुविधा कार्यालयात गेल्या. पूर्वी अशा माणसांना लाठ्या बसत; आता पंख्याखाली बसवून पाणी देतात. शंभरातले चौऱ्याण्णव पाणी पिऊनच परततात. काकूंनी पेला बाजूला सारला.

"फलकावर काय लिहायचंय, ताई?" साहेबांनी मायेने विचारले.

"माझा नवरा कुठे आहे?"

"'माझा' म्हटलं की स्वार्थ दिसतो हो. 'नवरा' खासगी बाब. 'कुठे' म्हणजे आमच्यावर संशय. आणि प्रश्नचिन्हाचं तर तुमच्या घरी ठाऊकच आहे."

"मग उरलं काय?"

"'आहे' उरलं ना! छान शब्द आहे." साहेबांनी शिक्का मारला.

काकू त्या शिक्क्याकडे बघत राहिल्या. "साहेब, म्हणजे ते... आहेत?"

साहेबांनी फायलीत डोके घातले. "पुढचं कोण?"

गुरुवारी अकरा ते अकरा वीस काकू टपालपेटीशेजारी उभ्या राहिल्या. (घोषणा मनातल्या मनात देण्याची मुभा होती.) कापडी फलकावर एकच शब्द, हाताने शिवलेला. टाके अगदी सरळ होते. बंदोबस्ताला एक हवालदार होता, तोही चहाला गेला.

त्या वेळात चारशे बारा नागरिक तिथून गेले. दोनशे तीस जणांना नेमका फोन आला. एकशे एक्क्याऐंशी जणांना पलीकडचा फुटपाथ एकाएकी आवडू लागला. उरली छापखान्यातली बांधणीवाली बाई. ती थांबली, काकूंच्या फलकाचे दुसरे टोक धरून म्हणाली, "एकटीनं धरलं की वाकतं हो मधे."

काकू सात महिन्यांनी पहिल्यांदा रडल्या.

परवाना एकीचाच होता. बांधणीवालीला त्याच दुपारी चर्चेला नेले. काकूंनी पुन्हा अर्ज केला आहे, आता नेलेल्या दोघांसाठी. त्याला वेगळा नमुना लागतो.

उरलेल्या चारशे अकरा जणांना सहकार्याबद्दल सरकारने आभारपत्रे पाठवली आहेत. माझे कालच आले. कागद जाड आहे, फ्रेम करता येईल. तुमचेही दारात पडले असेल, पाहा. फक्त उचलताना शेजारच्या दारावरच्या कुलपाकडे लक्ष जाऊ देऊ नका.

तसे तुमचे जात नाहीच, म्हणा.