बोरशांची मधली खोली

विद्यापीठाच्या शहरात भाड्याच्या खोल्या संपल्या होत्या, म्हणून पारोळ्याच्या हर्षला बोरसेने घरची मधली खोली सोबत नेली.

दुसरा मार्ग नव्हता असं नाही. गावाजवळच्या कॉलेजात तिला सहज प्रवेश मिळत होता. पण तिथे भूगर्भशास्त्र नव्हतं, आणि हर्षलाला दगडांखेरीज कशातच रस नव्हता. विद्यापीठात भूगर्भशास्त्र होतं, यादीत तिचं नाव होतं, फक्त राहायला जागा नव्हती. वसतिगृह भरलेलं. बाहेर कॉट बेसिसवर एका खाटेचं भाडं तिच्या वडिलांच्या पगाराएवढं, आणि ती खाटही दिवसा दुसऱ्या कुणाची.

"तिथे खोली नाही ना? मग इथून घेऊन जा," तिचे वडील म्हणाले. त्यांना सगळे नाना म्हणत. ते जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजून घ्यायचे आणि अवजड वस्तूंना बिचकत नसत.

खोली काढली तसं घर जरा आक्रसलं. ओसरी सरकून थेट स्वयंपाकघराला चिकटली आणि बाहेर बसलेल्या माणसाला फोडणीचा ठसका लागायला लागला. आईने तेवढं चालवून घेतलं. शेजारचे सुपडूअप्पा बघायला आले.

"काय नाना, पोरीला शिकायला पाठवताय की वाटणी देताय?"

"शिकायला. शिक्षण झालं की येईल परत."

"पोरगी?"

"खोली. पोरीचं पोरगी बघेल."

एसटीच्या टपावर खोली व्यवस्थित बसली. कंडक्टरने वर चढून दोऱ्या ओढून पाहिल्या.

"आत काय आहे?"

"गाद्या."

"गाद्यांना तिकीट नाही. माणूस असला तर लागेल."

"माणूस नाही," हर्षलाने सांगितलं.

तिने खोटं सांगितलं नव्हतं, फक्त पाहिलं नव्हतं. नानांची मोठी बहीण वैजूआत्या जेवण झाल्यावर गाद्यांच्या ढिगामागे आडवी झाली होती. आणि वैजूआत्या एकदा आडवी झाली की तिला उठायची घाई नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली शहरात उतरली. तिथे हर्षलाला कळलं, की खोली असली तरी ती ठेवायला जागा लागते. हातगाडीवर खोली घेऊन ती कर्णिक नावाच्या घरमालकांकडे गेली. त्यांची गच्ची रिकामी होती.

"काका, खोली माझी आहे. मला फक्त ठेवायला गच्ची हवी."

"गच्चीचं भाडं खोलीएवढंच पडेल."

"ते कसं?"

"गच्चीवर खोली आली म्हणजे ती गच्चीवरची खोली झाली ना! डिपॉझिट आधी. अकरा महिन्यांचा करार. आणि रात्री नऊनंतर खोलीने बाहेर जायचं नाही."

हातगाडी पुढे निघाली. रिक्षा स्टँडवाले म्हणाले, रांगेत लावा, पण नंबर आला की भाडं घ्यावं लागेल. एका बागेने फक्त सकाळी फिरायला येणाऱ्या खोल्यांना परवानगी दिली. दुपार टळत आली. संध्याकाळी पाचच्या आत शहरातला पत्ता नोंदवला नाही, तर भूगर्भशास्त्राची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. हर्षलाने गाडी सरळ विद्यापीठाकडे वळवली आणि प्रवेश विभागाच्या पायऱ्यांसमोर खोली उतरवली.

तिथल्या व्हरांड्यात आधीच मोठी गर्दी होती. खोली न मिळालेली मुलं-मुली वळकट्यांवर बसली होती. प्रवेश विभागाचे अधिकारी पानसे बाहेर आले आणि त्यांनी खोलीला एक फेरी मारली.

"कुठून आली?"

"पारोळ्याहून."

"स्थलांतर प्रमाणपत्र?"

"माझं आहे, साहेब."

"खोलीचं विचारतोय."

"ती पहिल्यांदाच बाहेर पडलीय."

पानसेंनी मान डोलावली. "पहिल्यांदा असेल तर लागत नाही. खोलीत किती जण राहू शकतात?"

हर्षला 'एक' म्हणणार होती. तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला.

"येतील तेवढे!"

वैजूआत्याला जाग आली होती. बोरशांकडे हा प्रश्न कुणी विचारला तर हेच उत्तर देतात. लग्नकार्यात पाहुणे मावतील किती, असं कुणी विचारलं आणि यजमानाने आकडा सांगितला, तर तो पाहुण्यांचा अपमान समजतात. मधल्या खोलीत आजवर किती लग्नांची वऱ्हाडं झोपून गेली, पण किती माणसं होती हे कुणीच मोजलेलं नव्हतं.

पानसेंनी लिहून घेतलं.

"साहेब, ती आमच्याकडची बोलायची रीत आहे," हर्षला घाईने म्हणाली.

"नोंद झाली. आता ही सगळी मुलं तुमच्याकडे पाठवावी लागतील." त्यांनी व्हरांड्याकडे हात केला. "एक जरी बाहेर राहिला, तरी खोटी माहिती दिली असं होईल. मग तुमचा प्रवेश रद्द."

वैजूआत्या पदर खोचून दारात आली. हे शहर कुठलं, आपण इथे कशा, असलं तिने काही विचारलं नाही. समोर माणसं उभी दिसली, एवढं तिला पुरे होतं.

"उभे काय राहिलात? पाय धुऊन आत या. मुली डावीकडे, मुलं उजवीकडे. आणि मधे मी."

मुलं आत शिरायला लागली. आत्याने गाद्या आडव्या अंथरल्या. "उशीकडे डोकं करून झोपायची ही काय हौस! आडवे व्हा. गुडघे पोटाशी. ए उंच पोरा, तू कोनाड्यात पाय घाल." एक धिप्पाड मुलगा दारात अडखळला.

"आत्या, मी नाही मावणार."

"आमचे जावई मावलेत. ये."

तो मावला. त्याच्यामागचे मावले. व्हरांडा अर्धा रिकामा झाला, मग पूर्ण. शेवटी एक मुलगी इस्त्रीचं टेबल घेऊन आली, तीही मावली, टेबलासकट. दारात उभ्या पानसेंनी मोजणी दोनदा सुरू केली आणि दोनदा सोडून दिली. मग त्यांनी आत डोकावून विचारलं, "कुणाला काही अडचण?"

"आत्या घोरते का?" आतून कुणीतरी विचारलं.

"रोज," हर्षला म्हणाली. हसण्याने खोलीची कौलं हलली.

पानसे मात्र गंभीर झाले. "अहो, पन्नासच्या वर विद्यार्थी एका छताखाली राहिले की ते वसतिगृह होतं. आणि वसतिगृहाला जमीन द्यायची जबाबदारी विद्यापीठाची." त्यांनी आवारावर नजर फिरवली. "मोकळी जमीन एकच आहे. कुलगुरूंच्या बंगल्यापुढची हिरवळ."

सगळी मुलं बाहेर आली आणि त्यांनी खोली खांद्यावर घेतली. युवक महोत्सवाचे ढोल कुणीतरी कपाटातून काढले. आत्या खिडकीत बसून "सांभाळून रे, उंबरा खाली लागतोय!" म्हणून ओरडत होती, आणि हर्षला पुढे चालत रस्त्यातल्या गाड्या बाजूला करत होती. कर्णिक स्कूटर थांबवून बघत राहिले. कुलगुरू सज्जात आले. त्यांनी हिरवळ कुठे चांगली आहे ते हाताने दाखवलं आणि खोलीचं दार पूर्वेला करायला सुचवलं.

पाच वाजायच्या आत पानसेंनी शिक्का मारला. 'हर्षला बोरसे, भूगर्भशास्त्र. पत्ता : बोरशांची मधली खोली, कुलगुरू निवासासमोर.' हर्षलाने तो पत्ता मोठ्याने वाचून दाखवला आणि ढोल पुन्हा वाजले.

दिवेलागणीला आत्याने चुलीची जागा ठरवली, सगळ्यांकडून चपला ओळीत लावून घेतल्या आणि भिंतीकडच्या रांगेला अजून थोडं सरकायला सांगितलं. धिप्पाड मुलगा दार लोटायला उठला.

"राहू दे उघडं," हर्षला म्हणाली. "चंद्रपूरच्या मुलांची गाडी अजून यायचीय."