पावण्यांची समिती आणि बंद दाराआडची साक्ष

लोकशाहीत सत्य ही सार्वजनिक मालमत्ता असते, आणि सार्वजनिक मालमत्तेला कुंपण घालून बाहेर पहारा बसवणे ही जबाबदार शासनाची पहिली खूण होय. या बाबतीत आमचा जिल्हा कोणाच्या मागे नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टी फुटली आणि आकाराम नावाचा कामगार गेला. तपास झाला. भट्टी कशाने फुटली हे सरकारी वकील गुरुप्रसाद देशिंगकर यांना समजले, आणि समजल्याबरोबर त्यांनी ते गोपनीय केले. भट्टी मात्र डागडुजी होऊन लगेच सुरू झाली. तिच्यावर गोपनीयतेचे बंधन नव्हते.

विधिमंडळाच्या समितीने देशिंगकरांना साक्षीला बोलावले. ते म्हणाले, तपास हा न्यायालयाचा विषय आहे. समितीचे अध्यक्ष आमदार धनपाल मगदूम म्हणाले, सभागृह सर्वोच्च आहे, आला नाहीत तर हक्कभंग आणू. हा वाद इतक्या उच्च पातळीवर चालला की खाली कोण उभे आहे हे दोघांनाही दिसेना. खाली आकारामची बायको शालूबाई उभी होती. तिचा मुलगा पिराजी बापाच्या जागी त्याच भट्टीवर लागला होता. (मालक दिलदार आहे.)

शेवटी विश्रामगृहावर तडजोड झाली. देशिंगकर फक्त समितीलाच सांगतील, तेही दार लावून, आणि फाउंड्रीमालकाशी संबंध असलेला कोणीही आत बसणार नाही. अट रास्त होती. अडचण एवढीच की समितीतले पाचही आमदार याच जिल्ह्यातले होते, आणि कोल्हापुरात कोणाचा पावणा नसलेला माणूस बाहेरून मागवावा लागतो.

पहिले आमदार मालकाच्या मेव्हण्याचे साडू निघाले. उठले. दुसऱ्यांच्या तालमीला मालकाने मॅट दिली होती. तिसऱ्यांच्या पेठेतल्या फुटबॉल संघाच्या जर्सीवर मालकाचेच नाव होते. चौथे म्हणाले, "माझा काय बी संबंध न्हाय."

अध्यक्षांनीच आठवण करून दिली, "परवा जोतिबाला त्यांच्याच गाडीतनं गेलतासा की."

चौथे उठले. मग देशिंगकरांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष मालकाचे व्याही होते. तत्त्वाला पक्का माणूस, तेही उठले.

दार लागले. आत देशिंगकर एकटे. साक्षीला येऊन साक्ष न देणे हा सभागृहाचा अवमान ठरतो, म्हणून त्यांनी पाच रिकाम्या खुर्च्यांसमोर शपथ घेतली आणि सगळे खरे सांगितले. (असे ते म्हणतात. खुर्च्यांनी इन्कार केलेला नाही.)

बाहेर शिपाई शालूबाईला म्हणाला, "मावशी, कान दारापास्नं लांब घ्या. गोपनीय हाय."

"माझाच नवरा मेलाय न्हवं?"

"म्हणून तर. तुमचा तर थेट संबंध हाय."

साहेब बाहेर आले तशी ती आडवी गेली. "साहेब, भट्टी कशानं फुटली तेवढं सांगा. परत फुटंल का न्हाई? पोरगं दुपारपाळीला जायचं हाय."

"आत्ताच सगळं सांगितलंय," देशिंगकर म्हणाले. "समितीला विचारा."

ती अध्यक्षांकडे वळली. ते हळहळले. "आम्ही ऐकलंच न्हाय, मावशी. साहेबांना विचारा."

दोघांनी हस्तांदोलन केले. सभागृहाचा मान राहिला, तपासाची गुप्तता राहिली, साक्ष पूर्ण झाल्याची नोंद झाली. एकाच दुपारी दोन्ही बाजू जिंकल्याचे हे आमच्या माहितीतले पहिलेच उदाहरण आहे, आणि इतर जिल्ह्यांनी ते जरूर गिरवावे.

नंतर शहरभर एकच प्रश्न होता. चहाच्या टपरीवर, कोर्टाच्या आवारात, पेठेतल्या कट्ट्यावर जो तो विचारी, मग हक्कभंग आला का? तुम्हालाही तेच विचारायचे असणार. नाही आला.

पिराजी त्या दुपारी भट्टीवर गेला का, हे तुमच्यासकट कोणी विचारले नाही. गेला.