आतून कडी, बाहेरून कुलूप

मागच्या दाराला कडी लावायची, एवढाच माझा निर्णय होता. कुठल्याही घरात रोज होणारी गोष्ट. पण आमच्या वस्तीत मागची दारं कडी लावण्यासाठी नसतातच.

धुळ्याला आम्ही आठ कुटुंबांनी मिळून प्लॉट घेतला आणि घरं बांधली. घरं आठ, पण स्वयंपाकघर एक, अंगण एक, टीव्ही एक आणि फोनही एकच. सगळ्यांची मागची दारं अंगणात उघडतात आणि उघडीच राहतात. (पहिल्याच महिन्यात मी न्हाऊन बाहेर आले, तर शेजारचे झुलालनाना आमच्या पलंगावर पेपर वाचत बसलेले. मी किंचाळले. ते मान वर न करता म्हणाले, "तुमच्याकडं उजेड चांगला येतो.")

सासूबाईंना ही रीत मुळीच पटली नव्हती. "लोकांच्या हातचं खाऊन सून काय शिकणार? मी येते, बघते, आणि नाहीच पटलं तर दोघांना अमळनेरला घेऊन जाते," असा त्यांचा निरोप आला. अमळनेरला जायचं म्हणजे जन्मभर त्यांच्या नजरेसमोर चूल फुंकायची. नुसत्या विचारानं माझ्या हातातला कप निसटला. (कप कुंदाबाईंचा होता. आमच्या सामायिक स्वयंपाकघरावर त्यांचं राज्य.)

मी ठरवलं, सासूबाईंना भरीत करून घालायचं, तेही एकटीनं. तसं स्वयंपाकघरात माझ्याकडं फक्त कोथिंबीर निवडायचं काम. (ती कुंदाबाई परत निवडायच्या.) सासूबाई संध्याकाळच्या गाडीनं यायच्या होत्या, म्हणून दुपारीच गुपचूप सराव करायचा बेत केला. घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, मागून आत शिरले, कडी लावली, खिडक्या लावल्या आणि मोरीत कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायला ठेवली.

वांग्याला आधी टोचे मारायचे असतात, हे बी.ए.ला नव्हतं.

पहिलं वांगं फाडकन फुटलं. मी किंचाळले. किंचाळून होतंय तोवर दुसरं. धूर दाराच्या फटीतून अंगणात गेला आणि सगळं अंगण दाराशी जमलं.

"पुढं कुलूप, आतून कडी," झुलालनानांचा आवाज आला. "आत चोर शे."

"चोर धूर कशाला करेल, नाना?" या कुंदाबाई.

"पुरावा जाळस तो."

"आणि तो आवाज?"

"पिस्तूल."

आता मी शिकलेली मुलगी. घरात माझ्याशिवाय कुणी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण एवढी मोठी माणसं इतक्या खात्रीनं सांगतायत म्हटल्यावर माझाच विश्वास डळमळला. तेवढ्यात पाठीमागं तिसरं वांगं फुटलं.

"नाना," मी ओरडले, "चोर आतच आहे."

"सूनबाईले धरी लिधं," नाना म्हणाले, आणि दार आत पडलं.

दारामागून लाटणं, मुसळ आणि क्रिकेटची बॅट आत शिरली. कुणीतरी चोरावर बादलीभर पाणी फेकलं. ते मला लागलं. धूर ओसरला तेव्हा मोरीपाशी मी एकटीच उभी होते. तोंड काळं, केसांत वांगं, हातात चिमटा. आणि गर्दीच्या मागं, दुपारच्याच एस.टी.नं येऊन पोचलेल्या सासूबाई, पिशवी छातीशी धरून.

नंतर कुंदाबाईंनी मला पुसून काढलं. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी चहा पाजला. (कप हातात दिला नाही.) ह्यांना ऑफिसात फोन गेला. दुसरी वांगी आणून नानांनी ती अंगणात भाजली, कुंदाबाईंनी भरीत घोटलं. सासूबाई खाटेवर बसून सगळं बघत राहिल्या आणि भरीत-भाकरी पोटभर जेवल्या.

धावतपळत आलेल्या ह्यांनी भीतभीत विचारलं, "आई, मग आम्ही सामान बांधायचं का?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मोडलेल्या दाराकडं आणि एकदा अंगणभर पसरलेल्या माणसांकडं.

"राहू दे रे भाऊ," त्या म्हणाल्या. "हिले सांभाळाले बठ्ठी आठ घरं लागतस. घरी मी आन तुना बाप, दोनच जण. आमले जमनार नही."